दुपारची भूक

लग्न होऊन मी मेहरूणहून धुळ्याला आले तेव्हा माझ्या हातांना स्वस्थ बसण्याची सवयच नव्हती. माहेरी आबांची तळ्याच्या बाजूला बोरांची झाडं आणि थोडी भाजीपाल्याची शेती होती. उजाडल्यापासून काहीतरी चालूच असायचं. पाखरं हाकायची, बोरं वेचून टोपल्या भरायच्या, वाफ्यांना पाणी धरायचं, संध्याकाळी आबांबरोबर बसून सुतळी वळायची नाहीतर एखादी सैल पडलेली बाज पुन्हा विणायची. खाणं म्हणजे या सगळ्याच्या मधलं टेकणं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, हातानं फोडलेला कांदा. चार घास पोटात गेले की उठायचं. भूक कशाला म्हणतात याचा विचार मी तेव्हा कधी केला नव्हता, कारण ती लागायची आणि भागायची, मध्ये काही शिल्लक राहायचं नाही.

सासर धुळ्यातल्या एका गल्लीत होतं. तिथे गल्ल्यांना नावं नसून नंबर आहेत याचंच मला पहिले काही दिवस नवल वाटत होतं. सासरे, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, कोर्टात शिरस्तेदार होते आणि नुकतेच पेन्शनीत निघाले होते. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणू लागले. हे, म्हणजे माझे यजमान, पुण्याला वकिलीचं शिकत होते आणि सुट्टीपुरते घरी येत. म्हणजे एवढ्या मोठ्या घरात आम्ही तीन माणसं. सकाळ-संध्याकाळ भांडी घासायला सोनाबाई यायची, ती काय बोलेल तेवढंच बाहेरचं जग.

अक्का वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते. पण स्वयंपाकघर हे त्यांचं राज्य होतं आणि त्या राज्यात दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे. आल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी हौसेनं परातीत पीठ घेतलं तर त्या हसून म्हणाल्या, "राहू दे गं. तुझी भाकरी शेतावरची. जाड असते. नानांना पातळ लागते." आणि परात ओढून घेतली. माझ्या वाट्याला आलं ते डाळ-तांदूळ निवडणं, देवाच्या वाती वळणं, कपड्यांच्या घड्या. ते सगळं सकाळी उन्हं अंगणात यायच्या आत संपायचं. मग जेवण. मग काही नाही. ओट्यावर उभं राहायचं नाही, कारण शिरस्तेदारांची सून गल्लीत तोंड दाखवत नाही. शेजारी जायचं नाही, कारण शेजारणी माझ्या बोलण्याला हसत. मी 'आहे'ला 'शे' म्हणायची आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. अक्कांनी एकदा बजावलं, "ते 'शे' आता मेहरूणला ठेवून ये." मी ठेवून आले. त्यामुळे बोलणंही कमी झालं.

जेवणं आटपली की अक्का डोक्यावरून पदर घेऊन देवळात पोथी ऐकायला जात. दार ओढल्याचा आवाज येई आणि घर एकदम मोठं होई. धुळ्याची दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेर पांढरं ऊन, पत्र्यावर मधूनच कडकन आवाज, लांब कुठेतरी पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा एकाच सुरात फटफटत असे. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करी आणि पुढे सरकत नसे. मी पडवीत बसे. उठे. माजघरात जाई. पुन्हा पडवीत येई. खिडकीच्या गजाला कपाळ लावून उभी राही, मग तो गरम लागला की सोडून देई. आणि या हिंडण्यात पाय केव्हा सामानाच्या खोलीकडे वळत ते मला कळत नसे.

त्या खोलीला कुलूप नव्हतं. घरात चोर कोण असणार? पत्र्याच्या डब्यांत शेंगदाणे, फुटाण्याच्या दाळ्या, गूळ. वरच्या फळीवर दराब्याचे लाडू. जाडसर दळलेला गहू भरपूर तुपात भाजून अक्का ते करीत, जिभेवर ठेवला की विरघळे. टोपलीत बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे मोठाले पापड, न भाजता खाल्ले तरी कुरकुरीत. सुरुवातीला मी मूठभर शेंगदाणे घेत असे. पदरात घेऊन पडवीत बसायचं, एकेक फोलपट काढायचं, फुंकर मारायची. तेवढा वेळ हाताला काम असे, तोंडाला काम असे. संपले की पुन्हा ते घड्याळ. मग गुळाचा खडा. मग बिबड्याचा तुकडा. पोट तर तुडुंब भरलेलं असायचं, जेवून तास झालेला नसायचा, तरी हात थांबत नसे. चवही लागत नसे बहुधा. एक घास गिळायच्या आत दुसरा हातात असे.

आज मला लोक म्हणतात की इतक्या जुन्या काळी खायला-प्यायला इतकं होतं, मग तुम्ही सुखी असाल. खाऊन खाऊन रडू येतं हे ज्याला ठाऊक नाही त्याला काय सांगायचं!

चोळ्या घट्ट होऊ लागल्या. बाह्यांची शिवण मी दोनदा उसवली. अक्कांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. एक दिवस मला जवळ बसवून, डोक्यावरून हात फिरवून हळूच म्हणाल्या, "काही सांगायचंय का मला? लाजू नकोस." हे दिवाळीत येऊन गेले होते, तेव्हा त्यांनी आपला हिशेब जुळवला होता. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं, बरं, वेळ आहे अजून," आणि त्या रात्रीपासून माझ्या पानात तुपाची धार वाढली. पुढच्याच आठवड्यात मी बाजूला बसले तेव्हा त्यांची नजर माझ्या दंडांवरून फिरली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुपारी मी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं.

आणि नाना? नाना त्यांच्या खोलीत असत. कोर्टातली इतकी वर्षं, सकाळी डोक्याला पगडी, पायात जोडा, दारात पक्षकारांची रीघ. आणि आता आरामखुर्ची. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी गोड, भात, बटाटा सगळं बंद केलं होतं. अक्का त्यांना पातळ भाकरी, मेथीची भाजी आणि ताक देत आणि स्वतःच्या हातानं मोजून वाढत. नाना निमूट जेवत. दुपारी त्यांच्या खोलीतून खुर्चीची करकर ऐकू येई. मग चपलांचा आवाज. मग पुन्हा करकर. भिंतीच्या अलीकडे मी फिरत असे, पलीकडे ते.

एका दुपारी मी सामानाच्या खोलीचं दार लोटलं तर आत नाना उभे. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात अर्धा लाडू, आणि उरलेला अर्धा तोंडात. सासऱ्यांसमोर मी कधी मान वर केली नव्हती. ते माझ्याशी 'पाणी आण' यापलीकडे शब्द बोलले नव्हते. मी पदर ओढून मागे सरले. ते घास कसाबसा गिळून म्हणाले,

"अक्काला सांगू नकोस."

मी मान हलवली.

"तू इथे कशाला आलीस?"

माझ्या पदराची आधीपासूनच खोळ झालेली होती, शेंगदाण्यांसाठी धरलेली. त्यांनी तिकडे पाहिलं. त्यांच्या मिशीला रवा लागला होता. ते किंचित हसले, झाकण लावलं आणि माझ्या बाजूनं निघून गेले.

त्यानंतर आमच्यात एक न बोललेला करार झाला. ते गेल्याचा आवाज आल्यावर मी जायची, मी पडवीत परतले की ते जायचे. तिथे पुन्हा कधी समोरासमोर आलो नाही. अक्कांना मात्र कोडं पडलं होतं. डॉक्टर लघवी तपासून म्हणत साखर वाढतेच आहे, आणि अक्का शपथेवर सांगत की घरात यांच्या तोंडी गोडाचा कण जात नाही. लाडू कमी होताना दिसत, पण ते सून खाते असं त्यांनी धरलं होतं, आणि खायच्या वयाच्या मुलीला कोण बोलणार! उलट डबा रिकामा झाला की त्या पुन्हा भरून ठेवीत.

मग नवा जोडा नानांच्या पायाला चावला. करंगळीपाशी एवढासा फोड. माझे आबा असते तर त्यावर हळद लावून विसरून गेले असते. नानांचा फोड फुटला, चिघळला, काळपट होऊ लागला. डॉक्टर घरी आले. पट्टी सोडून बराच वेळ पाहत राहिले आणि मग अक्कांना नव्हे, नानांनाच म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, पाय ठेवायचा असेल तर जीभ आवरा. मी औषध देईन, पट्टी बदलीन, पण रक्तात ही एवढी साखर असली तर जखम भरणार नाही. आज करंगळी आहे. उद्या घोटा असेल." नाना छताकडे बघत होते. त्यांना बाजेवरून उठायची मनाई झाली. अक्कांनी त्यांची बाज पडवीतच आणून टाकली, म्हणजे हाक मारली की मला ऐकू यावी.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी अक्का पोथीला गेल्या, तब्येतीसाठी त्यांनी नवस बोलला होता म्हणून त्या पोथी चुकवीत नव्हत्या. मी उंबऱ्याशी बसले होते. नाना कुशीवर वळले, उताणे झाले, पुन्हा वळले. बाजेच्या सुतळ्या सैल पडलेल्या होत्या, ते जागच्या जागी खाली जात. मग ते म्हणाले,

"सूनबाई."

"जी."

"वरच्या फळीवरचा डबा माहीत आहे ना? एक आण. एकच."

मी उठले. हुकूम ऐकला की उठायचं एवढंच मला माहीत होतं. सामानाच्या खोलीपर्यंत गेले, डब्याला हात लावला. तुपाचा वास आला आणि मला एकदम त्या पट्टीखालच्या जखमेचा वास आठवला. सकाळी पट्टी बदलताना गरम पाण्याचं भांडं धरायला मीच बसले होते. माझा हात खाली आला. मी खोलीबाहेर आले, दार ओढून घेतलं आणि त्या दाराला पाठ लावून खाली बसले. तिथून पडवी दिसत होती.

"आणलास?"

"नाही."

"का? संपले?"

"आहेत."

ते कोपरावर उठून बसले. इतकी वर्षं ज्या माणसाचा शब्द खाली पडला नाही, त्याचा चेहरा कसा झाला ते मी लांबून पाहिलं. "मग आण म्हणतो ना मी!"

मी हलले नाही. गुडघे मी हातांनी घट्ट धरून ठेवले होते. ते ओरडू लागले. मला कुणी शिकवलं हे, थोरामोठ्यांना उलट बोलायचं, कोणत्या घरातून आणली ही मुलगी. आणि मग त्यांनी तो पट्टी बांधलेला पाय जमिनीवर टेकवला. भिंत धरून, एकेक पाऊल फरफटत, ते माजघरातून माझ्यापर्यंत आले. पट्टीला रक्त आलं होतं. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले,

"बाजूला हो. नाहीतर उद्या तुला मेहरूणला पाठवून देईन. कायमची."

माझ्या तोंडून जे निघालं ते त्या घरच्या भाषेत नव्हतंच. इतके महिने दाबून ठेवलेलं माझं बोलणं तेव्हा आपोआप वर आलं. मी म्हणाले, "धाडी द्या माले मेहरूणले. पन मी उठनार नही, नाना. माले बी भूक नही ऱ्हास, तरी रोज खाई लेस. तुमले बी भूक नही. ही भूक नही शे. ही दुपार शे."

आणि मग मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं.

नाना उभे होते. भिंतीवरचा त्यांचा हात सरकत सरकत खाली आला आणि ते जमिनीवर बसले, माझ्या समोर, पाय पसरून. मी पदरानं नाक पुसत होते. ते आपल्या पायाकडे बघत होते. मग अगदी हळू, जणू कुणा दुसऱ्याच्याच आवाजात, ते बोलले,

"मंग काय करानं, बाई, दुपारनं?"

त्यांचं लहानपण दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात गेलेलं होतं हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ही बोली त्यांच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकली नव्हती, अक्कांनीसुद्धा. मी त्यांना खांदा दिला आणि बाजेपर्यंत नेलं. सासऱ्यांना सुनेनं हात लावायचा नसतो हे आम्हा दोघांनाही तेव्हा आठवलं नाही.

असं सांगितलं म्हणजे वाटतं की त्या दुपारनंतर सगळं सुरळीत झालं असेल. तसं काही झालं नाही. जखम तोवर फार पुढे गेली होती, त्यात ते चालणं. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. करंगळी काढावी लागली. पुढचं काय ते डॉक्टर सांगेनात. पुण्याला कळवायचं नाही असं नानांनी अक्कांना बजावलं, कारण यांची परीक्षा तोंडावर होती. अक्का सकाळी डबा घेऊन जात त्या दिवेलागणीला परत येत. जाताना मला म्हणत, "दार लावून घे. काही करू नकोस. देवाजवळ बस."

काही करू नकोस! त्या घरात मी आता एकटी. आतापर्यंत निदान भिंतीपलीकडे खुर्ची करकरत होती. मी देवाजवळ बसले, उठले, पडवीत गेले. नानांची बाज तशीच होती, मधोमध खोलगट, त्यांच्या अंगाचा आकार घेऊन. मला वाटे हा माणूस परत येणार नाही. मी त्यांना दारात बसून अडवलं, म्हणून ते चालत आले, म्हणून करंगळी गेली, असंही वाटे. आणि लाडू दिला असता तर काय झालं असतं, तेही वाटे. दोन्हीकडून सुटका नव्हती. अशा एका दुपारी मी त्या खोलीत गेले आणि उभ्या-उभ्यानं खाल्लं. लाडू, दाळ्या, गूळ, कच्चे बिबडे, जे हाताला लागेल ते. नानांना जे बोलले होते ते सगळं मला आठवत होतं आणि तरी मी खात होते. शेवटी अंगणात धावत जाऊन ओकले. मोरीशी बसून तोंड धुतलं. तोंडात कडवटपणा होता, डोळ्यांपुढे काजवे. आणि अजून दुपार अर्धीच झाली होती.

मी परत पडवीत आले ती भिंत धरून. बाजेवर टेकायला गेले तर तीत बुडाले, इतकी ती सैल होती. चिडून मी उठले आणि पायथ्याकडची दोरी ओढली. ती कुजकी निघाली, हातात तुटून आली. मग दुसरी. मग मला काय झालं कोण जाणे, मी कोयता आणला आणि त्या बाजेच्या सगळ्या सुतळ्या कापून काढल्या. खाली ढीग पडला. रिकामा लाकडी सांगाडा समोर ठेवून मी घामानं निथळत बसले, आणि संध्याकाळी सोनाबाई भांड्यांना आली तेव्हा तिला म्हटलं, "बाजारातून सुतळीचे गड्डे आणशील का? चांगली अंबाडीची." तिनं माझ्याकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दुसऱ्या दिवशी आणून दिले.

बाज विणणं एकट्याचं काम नाही. पलीकडून दोर घेणारं कुणी लागतं. मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकून, गुडघ्यानं दोर दाबून धरून विणत होते. नवी सुतळी खरखरीत असते, पाणी लावून घ्यावी लागते, तरी बोटं सोलतात. हात सुतळीच्या कुसांनी भरलेले, त्या हातांनी तोंडात काही घालायचं म्हणजे आधी उठून धुवायला हवेत, आणि उठलं की धरलेला ताण सुटतो. हे मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमगलं. इच्छा होत होती. नेमकी त्याच वेळी, पूर्वी पोथीला निघालेल्या अक्कांच्या दाराचा आवाज विरे तेव्हा. पोटात नव्हे, जबड्यात कुठेतरी ओढ लागायची. मी म्हणे, ही ओळ संपू दे, मग जाऊ. ओळ संपे तोवर दुसरी अर्धवट दिसे. कधी तरीही उठत असे. पण पूर्वी सहज जायची ती आता ठरवून जावं लागे, आणि ठरवावं लागलं की बऱ्याचदा लाज वाटून परत फिरे.

अक्कांनी पाहिलं तेव्हा त्या उंबऱ्यातच थांबल्या. हातात रिकामा डबा. "बाईमाणसानं बाज विणायची नसते," त्या म्हणाल्या.

"का?"

त्यांना कारण आठवेना. दिवसभर इस्पितळात बसून त्या थकल्या होत्या. त्या बाजेच्या कडेशी टेकल्या, विणलेल्या भागावरून हात फिरवला आणि एकाएकी म्हणाल्या, "आज ताप नाही. डॉक्टर म्हणाले, पाय राहील." आणि तोंडावर पदर घेऊन त्या रडू लागल्या. मी त्यांच्याजवळ गेले नाही, हात खराब होते. पण त्या रात्री त्यांना उठवेना म्हणून भाकरी मी केल्या. जाड झाल्या. त्यांनी खाल्ल्या.

नाना घरी आले ते काठी घेऊन, वाळून निम्मे झालेले. नव्या बाजेवर त्यांना बसवलं तर त्यांनी हातानं थोपटून पाहिलं आणि विचारलं, कुठून आणली? अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. दुसऱ्या दुपारी अक्का पोथीला गेल्या. मी माजघरातली दुसरी बाज अंगणात सावलीला ओढली होती, तिची सुतळी सोडवत होते. काठीचा आवाज आला. नाना येऊन पाटावर बसले, पाय समोर स्टुलावर ठेवला.

"एवढ्या लांबून वाकतेस ते," ते म्हणाले. "या टोकाला मी असतो."

त्यांना काही येत नव्हतं. दोर उलटा घालीत, ताण सोडून देत, बोटं रक्ताळून घेत. शिरस्तेदारांचे ते मऊ हात. मी "नाना, खालून घ्या" म्हणायची आणि ते चुकले की स्वतःवरच चिडून सगळं उसवायला लावायचे. मध्येच त्यांचा हात थांबे आणि नजर सामानाच्या खोलीकडे जाई. मला ते लगेच कळे, कारण माझंही लक्ष तिकडेच असे. मग मी म्हणे, "ही ओळ होऊ द्या." कधी ते म्हणत, "तूच थांब आता, ओळ व्हायची आहे." कधी ते संतापून काठी घेऊन उठत आणि खोलीच्या दारापर्यंत जात. एकदा तर त्यांनी डबा काढलाही. मी हाक मारली नाही. परत आले तेव्हा हातात काही नव्हतं, पण मिशीवर रवा होता. आम्ही पुढे विणत राहिलो. घरातल्या बाजा संपल्या तेव्हा सोनाबाईच्या घरची आणवली, मग शेजारची. दोर ओढताना ते त्यांच्या खेड्यातल्या गोष्टी सांगत, आणि त्या सांगताना त्यांची बोली हळूहळू परत येई. रात्री जेवताना ती तोंडून निघाली की अक्का दुसरीकडे बघत.

लोक बोललेच. शिरस्तेदार सुनेबरोबर अंगणात बसून सुतळ्या ओढतात म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असावा, असं गल्लीत झालं. अक्कांना हे कुणीतरी देवळात ऐकवलं. त्या घरी आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून सकाळच्या भाकरी तू करत जा. मला पोथीला लवकर जायचंय." बस, एवढंच. हा मला आधार आहे की शिक्षा हे तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात परीक्षा संपवून हे घरी आले. नानांच्या पायाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. भर दुपारी टांगा दारात थांबला, अक्का देवळात होत्या. दार उघडंच होतं. ते ट्रंक घेऊन थेट अंगणात आले आणि जागीच उभे राहिले. पाटावर वडील, एका पायाला चार बोटं, अंगात नुसती बंडी, तोंडात सुतळीचं टोक. समोर बाजेच्या पलीकडे मी, पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, हात काळेनिळे. मी दचकून पदर घ्यायला गेले, पण हातातला दोर सोडला असता तर सकाळपासूनचं सगळं सैल पडलं असतं. म्हणून मी तशीच बसून राहिले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

नानांनी तोंडातलं टोक काढलं. "ट्रंक ठेव तिकडे," ते म्हणाले. "आणि बस खाली. माझी कंबर गेली. हे टोक धर."

ते बसले. कोट काढला नाही, तसेच मातीत बसले आणि वडिलांनी दिलेलं टोक दोन्ही हातांनी धरलं. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी आम्ही एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो, वडीलधाऱ्यांदेखत तर नाहीच. त्यांनी दोर असा काही जोरात ओढला की माझी बाजू वर उचलली गेली.

"इतका नाही," मी म्हणाले. "जरा सैल सोडा."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. नाना दुसरीकडे बघून मिशी पुसत होते. यांनी दोर सैल सोडला.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

"आता धरा," मी म्हणाले, आणि पुढची ओळ घेतली.